भेगेत गेलेली गोटी

शाळेला सुट्टी लागली की शिरड शहापूरच्या आमच्या घरात लेकरांचा मेळा भरतो. थोरल्याची दोघं पुण्याहून येतात, लेकीची दोघं नांदेडहून. ऊन चढायच्या आत मी त्यांना घेऊन रानात जातो. मे महिन्यात रान मोकळं असतं. हळद काढून, शिजवून, वाळवून वसमतच्या बाजाराला गेलेली असते, तूर-हरभऱ्याची पोती घरात आलेली असतात, आणि काळी जमीन उघड्या अंगानं तापत पडलेली असते. यंदा पोरांनी बांधावरच्या आंब्याखाली गोट्यांचा डाव मांडला. नांदेडच्या धाकट्याची निळी गोटी घरंगळत सावलीबाहेर गेली आणि एका भेगेत उतरली. सगळ्यांनी कान लावले, पण ती तळाला टेकल्याचा आवाज काही आला नाही.

त्यानं भेगेत हात घातला तसा मी ओरडलो. उन्हाळ्यात भेगेत विंचू बसतो, तिथं हात घालायचा नसतो. बांधावरची एक लांब तुराटी उचलून त्याच्या हाती दिली. तुराटी आत जात राहिली, जात राहिली, आणि कुठंतरी अडली. बोटानं खूण धरून बाहेर काढली आणि त्याच्याजवळ उभी केली, तर खूण त्याच्या छातीपाशी आली.

"आबा, एवढी खोल भेग कुणी पाडली?"

"पाण्यानं," मी म्हणालो. "म्हणजे पाणी निघून गेल्यानं."

आमची ही काळी जमीन काळ्या पाषाणाची लेक आहे. 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आसपास इथं जमीन फाटून तप्त रस वाहिला, थरावर थर बसले, त्यांचा कातळ झाला, आणि ऊन-पावसानं कुजून कुजून त्या कातळाची माती झाली. या मातीत एक चिकण कण असतो, त्याला शास्त्रात माँटमोरिलोनाइट म्हणतात. तो पोळीसारखा पापुद्र्यापापुद्र्यांचा असतो. पावसाचं पाणी पापुद्र्यांच्या मधे शिरलं की तो फुगतो, उन्हात पाणी उडून गेलं की आकसतो. सगळं रान एकदम आकसायला लागलं की मातीला ताण सोसत नाही, ती जागोजाग तडकते. म्हणून तर आपले पूर्वज गावठाण पांढरीत वसवायचे आणि काळीत पेरायचे. माळवदाच्या भिंती पांढऱ्या मातीच्या. काळीत घर बांधायची वेळ आलीच तर मुरूम लागेपर्यंत पाया खणायचा. नाहीतर दोन पावसाळ्यांत भिंतीला हात जाईल एवढी फट पडते.

थोरली नात तोवर भेगांच्या कडेकडेनं चालत होती. ती म्हणाली, "आबा, या भेगा एकमेकींना जाऊन मिळतात. पाच कोनांचं, सहा कोनांचं घर होतंय. कासवाच्या पाठीसारखं."

मला मनापासून आनंद झाला. हे पाहायला डोळे लागतात. मी म्हणालो, "बाई, अश्शीच कासवाची पाठ जगाच्या उत्तर टोकाला आहे. विमानातून बघितली तर मैलोन् मैल दिसते. फक्त तिथल्या भेगा उन्हानं पडत नाहीत, थंडीनं पडतात. आणि त्या रिकाम्या राहत नाहीत."

"मग त्यात काय असतं?"

"रात्री सांगतो."

रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर अंथरुणं पडली. वारा पडलेला होता. अशा उकाड्यात बर्फाची गोष्ट सांगायला बरी.

*

रशियाच्या पूर्व भागात याकुत्स्क नावाचं गाव आहे. आता ते मोठं शहर झालंय. हिवाळ्यात तिथं पारा शून्याच्या खाली 40 अंशांपर्यंत जातो आणि महिना महिना तिथंच राहतो. लेना नावाची प्रचंड नदी शेजारून वाहते, पण हिवाळ्यात ती गोठून दगड होते. दोनशे वर्षांपूर्वी तिथं फ्योदोर शेर्गिन नावाचा एक व्यापारी राहत होता. त्याला वाटलं, अंगणात विहीर असावी. 1828 साली त्यानं विहीर खणायला घेतली.

विहिरीचं म्हटलं की आमच्या लेकरांना सगळं ठाऊक असतं. वर काळी, खाली मुरूम, मग कातळ. सुरुंग लावायचा, मलबा वर ओढायचा, आणि एक दिवस कपारीतून झरा फुटला की पेढे वाटायचे. शेर्गिनच्या विहिरीत वरची दोन-चार हात माती ओली होती. त्याखाली माती होती, पण कुदळीला दाद देईना. ती गोठलेली होती. माणसं म्हणाली, थंडीचा मुलूख आहे, वरचा थर गोठणारच, जरा खाली गेलं की पाणी लागेल. खणत गेले. दहा परस झाले, गोठलेलीच. वीस परस झाले, गोठलेलीच. एवढ्यावर कुणीही हात टेकले असते. पण फर्डिनांड व्रांगेल नावाचा एक दर्यावर्दी अधिकारी तिकडून जात होता. त्यानं शेर्गिनला सांगितलं, पाण्याचं सोड, पण थांबू नकोस. ही माती कुठवर गोठलेली आहे हे आजवर कुणाला ठाऊक नाही.

शेर्गिन 1837 सालापर्यंत खणत राहिला. विहीर 116 मीटरच्या पुढं गेली, म्हणजे आपल्या मापानं साठ परसांहून खोल. पाण्याचा थेंब लागला नाही. तळाची मातीही गोठलेलीच होती. पुढं काही वर्षांनी मिडेनडॉर्फ नावाचा शास्त्रज्ञ आला आणि त्यानं त्या विहिरीत वरपासून खालपर्यंत तापमापक लावले. जितकं खाली जावं तितकी थंडी थोडी थोडी कमी होत जाते, हे त्याला दिसलं. म्हणजे वरून थंडी आत शिरते आणि पृथ्वीच्या पोटातली ऊब खालून वर येते. दोघींची गाठ जिथं पडते तिथं गोठलेल्या मातीचा तळ. पाणी न लागलेल्या त्या विहिरीनं जगाला एवढं सांगितलं. पाणी लागलेल्या हजारो विहिरींचं नाव कुणाला माहीत नाही, हिचं आहे.

"म्हणजे ती माती कधीच वितळत नाही?" पुण्याच्या नातवानं विचारलं.

वरचा हात-दोन हात थर उन्हाळ्यात वितळतो. त्यावर गवत येतं, झाडंसुद्धा वाढतात. त्याखालची जमीन वर्षानुवर्षं गोठलेली. सलग दोन वर्षं शून्य अंशाच्या खाली राहिली की त्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणायचं, अशी शास्त्रज्ञांची व्याख्या आहे. पण दोन वर्षांचं काय घेऊन बसलात, सैबेरियातली काही जमीन लाखो वर्षांत वितळलेली नाही, आणि काही ठिकाणी तिची जाडी दीड किलोमीटरच्या आसपास जाते.

आता भेगांचं. कडाक्याच्या थंडीत ही गोठलेली जमीन आणखी थंड होते तेव्हा आकसते, आणि आपल्या काळीसारखीच तडकते. भेग असते बोटाच्या पेरापेक्षाही अरुंद. वसंतात वरचा बर्फ वितळतो, पाणी भेगेत उतरतं आणि आतल्या थंडीनं तिथंच गोठतं. पुढच्या हिवाळ्यात जमीन पुन्हा तडकते, नेमकी त्याच जागी, कारण जोड तिथंच कच्चा. पुन्हा पाणी, पुन्हा बर्फ. लाकूड फोडताना घालतात तशी बर्फाची पाचर तिथं तयार होते. वर रुंद, खाली निमुळती. हजारो वर्षांत ती माणसाच्या उंचीपेक्षा रुंद होऊ शकते. अर्नेस्ट लेफिंगवेल नावाच्या माणसानं अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर वर्षानुवर्षं राहून या पाचरी पाहिल्या आणि त्या कशा होतात हे 1915 साली मांडलं.

आपली भेग आणि तिथली भेग यांत फरक इथं पडतो. आपल्या भेगेत वरची भुसभुशीत माती पडते, पावसात जमीन फुगते, भेग मिटते. त्यांच्या भेगेत बर्फ बसतो आणि तो बसूनच राहतो. हळूहळू त्या जमिनीत मातीपेक्षा बर्फ जास्त होतो. सैबेरियात येडोमा म्हणतात अशी एक जमीन आहे, बारीक पिठासारख्या गाळाची. तिथं दहा घमेली जमीन उचलली तर त्यातली पाचपासून आठपर्यंत घमेली बर्फच निघतो. वरून मात्र ती जमीनच दिसते. तिच्यावर जंगल उभं असतं.

धाकटा झोपला होता. थोरली जागी होती. ती म्हणाली, "आणि तो बर्फ वितळला तर?"

"ते उद्या सकाळी डोळ्यांनी बघू. आजीकडून दोन स्टीलचे पेले माग."

*

त्याच रात्री आम्ही खाली उतरून पेले भरले. एका पेल्यात वाफशातल्या जमिनीइतकी ओली माती दाबून भरली. वाफसा म्हणजे काय हे शहरातल्या लेकरांना आधी सांगावं लागलं: माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटानं टोचला तर फुटावा, इतकीच ओल. दुसऱ्या पेल्यात निम्मी माती आणि निम्मं पाणी. दोन्ही पेले फ्रीजच्या वरच्या खणात ठेवले.

सकाळी पेले कोमट पाण्यात क्षणभर बुडवून उपडे केले. मातीची दोन लिंगं बाहेर आली. नातवानं हातोडीनं टकटक केलं, दोन्ही खणखणीत वाजली. पाण्याचं लिंग तर पेल्याच्या काठाच्या वर आलेलं होतं. पाणी गोठलं की नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं, ते असं दिसतं. मी विचारलं, "यातलं पक्कं कोणतं?" चौघांनी मिळून सांगितलं, दोन्ही सारखीच.

मग एक परात घेतली, एका बाजूला तिच्याखाली दगड सरकवून तिला उतार दिला आणि दोन्ही लिंगं उन्हात ठेवली.

पहिलं लिंग नुसतं मऊ झालं. उन्हं वर आली तरी ते उभं होतं. बोट लावलं तर ढेकळासारखं फुटलं, बस. दुसऱ्याकडे मात्र आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. आधी बाहेरून चकाकी आली. मग एका बाजूची माती सालीसारखी सुटली आणि घसरत खाली आली. तिच्यामागं आतला गोठलेला भाग उघडा पडला, त्याला ऊन लागलं, तोही सुटला. लिंग पडलं नाही, कोसळलं नाही, ते मागं मागं सरकत संपत गेलं. खालून गढूळ पाण्याचा ओघळ परातीच्या काठापर्यंत आला. मधेच नातीनं एक तुकडा तोडून पाहिला. आत मातीच्या थरांमधे बर्फाचे कागदासारखे पातळ पापुद्रे होते.

हे पापुद्रे नीट पाहण्यासारखे असतात. माती गोठायला लागली की गोठणारा थर आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढतो, समईतली वात तेल ओढते तसं. पाणी येऊन येऊन तिथं बर्फाची चकती होते आणि मातीच्या कणांना दूर सारते. माती म्हणजे नुसते कण नव्हेत. कणांचे गोळे होतात, गोळ्यांच्या मधे पोकळ्या राहतात, त्या पोकळ्यांतून हवा खेळते, पाणी मुरतं, मुळी सरकते. ही मातीची घडण. बर्फाची चकती त्या घडणीत घुसून ती फोडते. गोठलेलं असेपर्यंत काही बिघडलेलं कळत नाही, कारण बर्फानंच सगळं सांधून धरलेलं असतं. बर्फ गेला की सांधा गेला, आणि जुने गोळे तर आधीच मोडलेले. राहतं ते नुसतं पीठ आणि पाणी.

त्यात आणखी एक गोष्ट. वरचं वितळलेलं पाणी खाली मुरावं, तर खालची जमीन अजून गोठलेली, परातीच्या तळासारखी. पाणी जाणार कुठं? वरचा चिखल त्या गुळगुळीत तळावरून घसरायला लागतो. त्या जमिनीला वाफसा येतच नाही. आपल्याकडं आठ दिवस झड लागली तर शेतकरी बांधावर उभा राहून वाफशाची वाट बघतो. ती वाट किती कठीण असते हे इथल्या माणसाला सांगायला नको.

*

परातीत जे झालं ते सैबेरियात बातागाय नावाच्या गावाजवळ झालं आहे, आणि अजून चालू आहे. 1960 च्या सुमारास तिथल्या एका डोंगरउतारावरचं जंगल तुटलं. झाडांची सावली गेली, जमिनीवरच्या शेवाळाची गोधडी फाटली. आपल्याकडं बर्फाची लादी लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून ठेवतात ना, तसं ते शेवाळ आतल्या बर्फाला उन्हापासून सांभाळत होतं. ते गेल्यावर आधी एक ओघळ पडली. ओघळीची घळ झाली. घळीची कडा उन्हाला उघडी पडली, वितळली, मागं सरकली, पुन्हा उघडी पडली. आज तिथं सुमारे एक किलोमीटर लांबीचं प्रचंड भगदाड आहे, आणि त्याची कडा वर्षाला दहा मीटरहून अधिक मागं सरकते. आजूबाजूचे लोक त्याला पाताळाचं दार म्हणतात. आपली ओघळ एखादा दगडी बांध घालून, नाहीतर निर्गुडी लावून थांबवता येते. बातागायची थांबवण्याचा उपाय कुणापाशी नाही.

नदीकाठी ही झीज वेगळ्या रीतीनं होते. नदीचं पाणी गोठलेल्या काठाच्या पायथ्याला लागतं आणि तिथला बर्फ वितळवून आत खोबण करतं. वरचा काठ अधांतरी राहतो. मग तो तुटतो, आणि तुटतो नेमका बर्फाच्या पाचरीवर. कासवाच्या पाठीचं एक आख्खं घर नदीत पडतं, वर उभ्या असलेल्या झाडांसकट. अलास्कात न्यूटोक नावाचं सुमारे 350 वस्तीचं गाव होतं, युपिक लोकांचं. निंग्लिक नदी त्याचा काठ वर्षाला वीस-वीस मीटर खात आली. शेवटी 2019 पासून माणसं उठून मेर्टार्विक नावाच्या नव्या जागी राहायला गेली. धरणात गाव जाणं आमच्या पूर्णाकाठच्या माणसांना नवं नाही. तिथं धरण नव्हतं, पायाखालचा बर्फच गेला.

याकुत्स्कची माणसं यातून शिकलेली आहेत. तिथल्या मोठ्या इमारती खांबांवर उभ्या असतात आणि जमीन व घर यांच्यामधे वारा खेळायला जागा ठेवलेली असते, घराची ऊब जमिनीला लागू नये म्हणून. आपण मुरूम लागेपर्यंत पाया खणतो, ते न वितळणारी जमीन लागेपर्यंत खांब उतरवतात. विचार एकच आहे. पण आता ती न वितळणारी जमीनही ऊबदार होत चालली आहे. उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश जगाच्या सरासरीच्या तिप्पट-चौपट वेगानं तापतो आहे. 29 मे 2020 ला रशियातल्या नोरिल्स्क शहराजवळ डिझेलच्या एका टाकीचे आधार खचले आणि 20 हजार टनांहून अधिक डिझेल वाहून नद्यांत गेलं.

"हे सगळं तिकडं लांब," पुण्याचा नातू म्हणाला. तो आठवीत आहे, त्याला नकाशा येतो.

लांब नाही. पर्माफ्रॉस्ट आपल्या देशातही आहे, लडाखमधे, हिमाचल-उत्तराखंडच्या उंच डोंगरांत, सिक्कीममधे. सिक्कीमच्या उत्तरेला दक्षिण ल्होनाक नावाचा तलाव आहे, समुद्रसपाटीपासून 5,200 मीटरवर. हिमनदी मागं सरकली, तिच्या जागी पाणी साठलं, त्याचा हा तलाव. त्याच्या कडेला हिमनदीनंच पूर्वी आणून टाकलेल्या दगडमातीचा उंच बांध होता. तो बांध गोठलेला होता म्हणून उभा होता. 3 ऑक्टोबर 2023 च्या रात्री त्याचा 1 कोटी 47 लाख घनमीटर भाग सुटून तलावात पडला. वीस मीटरच्या आसपास उंचीची लाट उठली, तिनं तलावाचा काठ फोडला आणि 5 कोटी घनमीटर पाणी तीस्तेच्या खोऱ्यात उतरलं. चुंगथांगचं धरण फुटलं. माणसं गेली, पूल गेले, लष्कराच्या छावण्या गेल्या.

मी लेकरांना यातला एक आकडा मुद्दाम समजावून सांगितला. शास्त्रज्ञांनी नंतर मोजलं, की त्या पुरानं वाटेतल्या दऱ्यांतून 27 कोटी घनमीटर दगडमाती उकरून नेली. पाणी 5 कोटी, माती 27 कोटी. आपण गाळ ब्रासमधे मोजतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. त्या हिशेबानं ती साडेनऊ कोटी ब्रास माती होते. तळ्यातला गाळ वाहणारी ट्रॅक्टरची ट्रॉली रोज गावातून जाताना त्यांनी पाहिली आहे. अशा कोटी-कोटी ट्रॉल्यांची माती एका पुरानं नेली. पाणी डोंगरातून सरळ उतरत नाही, ते काठ खात खात उतरतं, आणि काठ आधीच सैल झालेले असतील तर जितकं उतरेल तितकं जड होत जातं.

*

दुपारी सगळे ओट्यावर पडले होते तेव्हा थोरलीनं विचारलं, "आबा, त्या गोठलेल्या मातीत नुसता बर्फच असतो का?"

नाही माय. तिथं गवत, मुळ्या, शेवाळ, प्राण्यांची हाडं, सगळं न कुजता पडून आहे. मॅमथची आख्खी पिल्लं कातडीसकट निघाली आहेत. कोलिमा नदीच्या काठी रशियन शास्त्रज्ञांना खारीच्या जातीच्या एका प्राण्याचं बीळ सापडलं, 38 मीटर खोल गोठलेलं. हिवाळ्याची बेगमी म्हणून त्या बिळात फळं भरून ठेवलेली होती, सुमारे 32 हजार वर्षांपूर्वी. त्या फळांच्या आतल्या जिवंत राहिलेल्या पेशींपासून त्यांनी रोपं वाढवली. 2012 साली हे जाहीर झालं. रोपांना पांढरी फुलं आली, आणि त्या फुलांना पुढं बीही धरलं.

आम्ही उकिरड्यात शेण आणि काडीकचरा टाकतो. ते कुजायला लागलं की उकिरड्यातून वाफ निघते, हात घातला तर चटका बसतो. गोठलेली जमीन म्हणजे हजारो वर्षांचा न कुजलेला उकिरडा आहे. तिच्यात सुमारे दीड लाख कोटी टन कार्बन अडकून पडला आहे, आज हवेत जेवढा आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. जमीन वितळली की जंतू जागे होतात, कुजणं सुरू होतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन निघतो, हवा आणखी तापते, आणि आणखी जमीन वितळते. माती धुपते तेव्हा खालचा जुना थर उघडा पडतो आणि हे काम आणखी झपाट्यानं होतं. धूप आणि कुजणं एकमेकांच्या हातात हात घालून चालतात.

आपले लोकही तिकडं जाऊन हे मोजत आहेत. नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ऑलेसुंड इथं 1 जुलै 2008 ला भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र सुरू झालं. ते चालवलं जातं आपल्या शेजारच्या गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून. त्याच बेटांवर डोंगराच्या पोटात, गोठलेल्या खडकात, जगभरच्या बियाण्यांचं कोठार आहे. हैदराबादजवळच्या पटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेनं ज्वारी, तूर, हरभरा यांच्या वाणांचे नमुने तिथं ठेवले आहेत. आमच्या रानात जी तूर उभी राहते तिची भावंडं त्या डोंगरात निजलेली आहेत, हे ऐकून लेकरांनी हातातल्या तुराटीकडे एकदम वेगळ्या नजरेनं पाहिलं. कोठारासाठी ती जागा निवडली याला एक कारण होतं: वीज गेली तरी तिथली गोठलेली जमीन बियाणं थंड ठेवील. 2016 च्या ऑक्टोबरात मात्र तिथं न भूतो असा पाऊस झाला, आणि कोठाराच्या बाहेरच्या बोगद्यात पाणी शिरून गोठलं. बियाणं सुरक्षित राहिलं. पुढं बोगदा नव्यानं, पाणी शिरणार नाही असा बांधावा लागला.

ही गोष्ट मी आमच्या रानाशी का जोडतो, असं कुणी विचारील. दोन्हीकडं माती स्वतःच्या बळावर जागेवर नसते. तिथं तिला बर्फ धरतो. इथं तिला गवताची मुळी धरते, कुजलेलं शेणखत धरतं, बांध धरतो. आमच्या काळीत जूनचा पहिला पाऊस भेगांतून थेट पोटात उतरतो. दोन-चार पावसांत जमीन फुगून भेगा मिटल्या की पुढचं पाणी आत शिरायला मागत नाही, ते वरून पळतं आणि वरची सुपीक साल घेऊन पळतं. सिद्धेश्वरच्या धरणात जाऊन बसणारा गाळ आकाशातून पडत नाही, तो कुणाच्या तरी रानाची साल असतो. 72 च्या दुष्काळात या भागात माणसांनी पोटासाठी बांधबंदिस्तीची कामं केली. त्यातले काही बांध पुढं नांगरात गेले. बांध फोडून दोन तास जास्त पेरण्यात शहाणपण आहे असं ज्यांना वाटतं त्यांचं मला पटत नाही, आणि हे मी चावडीवरही बोलतो.

उताराला आडवी पेरणी करा. तुराट्या आणि पऱ्हाट्या बांधावर पेटवू नका, बारीक करून मातीत जाऊ द्या. बांधावरचं गवत मुळासकट खरवडू नका.

लेकरं आता आपापल्या गावी गेली आहेत. मृगाचे तीन पाऊस झाले. काल रानात गेलो तर ती भेग मिटली होती, जागासुद्धा ओळखू येईना. निळी गोटी आत कुठंतरी आहे. काळीत वरची माती भेगेतून खाली जाते आणि फुगवट्यानं खालची वर येते. पुढच्या उन्हाळ्यात तिथंच तुराटी घालून बघायचं, असं धाकट्यानं फोनवर मला बजावून सांगितलं आहे.